भ्रष्टाचाराच्या गराड्यातील एक निष्ठावंत : संत फ्रान्सिस झेवियर

काही दिवसांपूर्वी चांदूर बाजार येथे एका श्रद्धावंत कुटुंबाच्या घरी प्रार्थनेसाठी जाण्याचा योग आला. प्रार्थना आटोपली, चहा झाला आणि घरातील कर्त्या पुरुषाने मनातील सल बोलून दाखविली. अवकाळी पावसाने त्याच्या संत्र्याच्या बागेचे नुकसान झाले होते. भरपाईचा अर्ज त्याने रीतसर दिला होता. परंतु कागद जागचा हलत नव्हता. त्यावर वजन ठेवल्याशिवाय तो हलणारही नाही, असे एका मध्यस्थाने त्याला सांगितले होते. शेजारच्या शेतकऱ्यांनी पैसे दिले होते आणि त्यांना रक्कमही मिळाली होती. सगळे देत असताना आपण एकट्याने न देऊन काय साधणार, आणि देवाला तरी आपले हे न देणे दिसते का, असे त्याने मला विचारले.

त्याला तत्काळ उत्तर देणे मला जमले नाही. उपदेशाची वाक्ये तोंडावर आली होती; परंतु ज्याची बाग गेली आहे त्याच्यापुढे ती उच्चारण्याचा धीर झाला नाही. परतीच्या वाटेवर एका संताची आठवण झाली. अमरावतीचे आपले कॅथेड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांची.

झेवियर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हाती क्रूस घेऊन समुद्रकिनाऱ्यावर लोकांना बाप्तिस्मा देणारे मिशनरी उभे राहतात. ते चित्र खरेच आहे. परंतु त्याची दुसरी बाजू आपल्या प्रवचनांतून क्वचितच येते. १५४२ ते १५५२ या दहा वर्षांत ज्या राजसत्तेच्या आश्रयाने ते पूर्वेकडे वावरले, ती सत्ता आतून पोखरलेली होती. ज्यांनी त्यांना साहाय्य करायचे, तेच अधिकारी गोरगरिबांना लुबाडत होते आणि ते लुबाडणारे बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ती होते. अशा गराड्यात त्यांनी आपली निष्ठा कशी राखली, हे पाहणे आजच्या आपल्या स्थितीत उद्बोधक ठरेल.

महत्त्वाकांक्षेकडून आज्ञापालनाकडे

फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी, आज स्पेनमध्ये असलेल्या नवारा प्रांतातील झेवियर या किल्ल्यात झाला. वडील नवाराच्या राजाच्या मंत्रिमंडळाचे प्रमुख होते. १५१२ मध्ये कास्तीलच्या सैन्याने नवारा जिंकले, १५१५ मध्ये वडील वारले आणि पुढच्याच वर्षी विजेत्यांनी किल्ल्याचे बुरूज व तटबंदी पाडून टाकली. भावंडांत सर्वांत धाकटे असलेल्या फ्रान्सिस यांनी बालपणीच घराण्याचे वैभव ओसरताना पाहिले. ते पुन्हा मिळवावे ही इच्छा त्यांच्या मनात असणे स्वाभाविकच होते.

१५२५ मध्ये ते पॅरिस विद्यापीठात गेले, १५३० मध्ये पदवीधर झाले आणि अध्यापन करू लागले. आपण उच्चकुलीन असल्याचा अधिकृत दाखला मिळविण्यासाठी त्यांनी खटपट चालविली होती. कारण त्या बळावर पाम्प्लोना येथील कॅथेड्रलमध्ये मानाचे व उत्पन्नाचे पद मिळू शकले असते. धर्मसेवेतही वशिला, कुळ आणि उत्पन्न यांचाच विचार होण्याचा तो काळ होता. त्याच सुमारास त्यांच्या खोलीत पीटर फेबर यांच्यासह इग्नेशियस लोयोला राहू लागले. माणसाने सारे जग कमावले आणि आपला आत्मा गमावला तर त्याला काय लाभ, हा प्रभू येशूचा प्रश्न इग्नेशियस यांनी त्यांच्यापुढे पुन्हा पुन्हा ठेवला. फ्रान्सिस यांनी बरीच वर्षे त्याला दाद दिली नाही. अखेरीस १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी दारिद्र्य व ब्रह्मचर्याचे व्रत घेतले आणि पवित्र भूमीस जाण्याचे, ते न जमल्यास पोपमहोदय सांगतील तेथे सेवा करण्याचे वचन दिले. त्या सातांत फ्रान्सिस होते. २४ जून १५३७ रोजी व्हेनिस येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

पुढे पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याने भारतासाठी धर्मगुरू मागितले. त्यासाठी निवड झाली होती ती दुसऱ्या दोघांची. परंतु त्यांपैकी बोबादिल्ला ऐन वेळी आजारी पडले. मार्च १५४० मध्ये इग्नेशियस यांनी फ्रान्सिस यांना त्यांच्या जागी जाण्यास सांगितले. फ्रान्सिस यांनी तत्काळ होकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी रोम सोडले. ज्या देशाचे स्वप्न त्यांनी पाहिले नव्हते, त्या देशाकडे ते केवळ आज्ञेखातर निघाले. इग्नेशियस यांची व त्यांची पुन्हा कधीही भेट झाली नाही.

काही न घेण्याचा निर्धार

७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बनहून समुद्रप्रवास आरंभिला. त्याच जहाजातून नवे गव्हर्नर मार्तिम आफोन्सो द सौझा चालले होते. पोपमहोदयांनी फ्रान्सिस यांना पूर्वेकडील प्रदेशासाठी आपला प्रतिनिधी नेमले होते. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला सेवक व सामानसुमान हवेच, असा आग्रह राजदरबारी मंडळींनी धरला. फ्रान्सिस यांनी तो नम्रपणे नाकारला. ते आपले कपडे स्वतः धूत आणि जहाजावरील रुग्णांची शुश्रूषा करीत. मोझांबिक येथील मुक्काम धरून वर्षाहून अधिक काळ प्रवास करीत ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले.

गोव्यात त्यांच्यासाठी चांगली निवासव्यवस्था होऊ शकली असती. परंतु त्यांनी मुक्काम ठेवला तो रुग्णालयात. पोपमहोदयांनी दिलेली अधिकारपत्रे त्यांनी बिशप जुआंव द आल्बुकर्क यांच्यापुढे ठेवली आणि त्यांच्या संमतीवाचून आपण तो अधिकार वापरणार नाही असे सांगितले. सकाळी रुग्ण, दुपारी कैदी, रविवारी कुष्ठरोगी आणि दररोज हातात घंटा घेऊन रस्त्यावरून मुलांना व गुलामांना धर्मशिक्षणासाठी बोलावणे, असा त्यांचा क्रम होता.

आपल्या वऱ्हाडातील वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. शेंडगावच्या गाडगेबाबांनी लोकांच्या देणग्यांतून धर्मशाळा उभारल्या, मात्र स्वतःपाशी खापर आणि खराटा यांखेरीज काही ठेवले नाही. स्वतःसाठी काही न घेणाऱ्या माणसाच्या शब्दाला कोणते वजन असते, हे या मातीला ठाऊक आहे. फ्रान्सिस यांचे बळही तेच होते. ज्याला काही नको असते, त्याला विकत घेता येत नाही.

लुटीची रीत

त्यांनी गोव्यात जे पाहिले ते थोडक्यात सांगायला हवे. पोर्तुगीज अंमलातील किल्लेदारी व अन्य मोठी पदे सामान्यतः तीन वर्षांसाठी, केलेल्या सेवेचे बक्षीस म्हणून दिली जात. पगार अपुरा असे, तोही वेळेवर मिळत नसे. साहजिकच तीन वर्षांत आयुष्यभराची कमाई करून मायदेशी परतणे हा अनेकांचा उद्देश असे. जकातीत हात मारणे, राजाच्या पैशावर स्वतःचा व्यापार करणे, आपला माल विकला जाईपर्यंत इतरांना विकू न देणे आणि मेलेल्या सैनिकांची नावे हजेरीपटावर ठेवून त्यांचा पगार उचलणे, अशा रीती रूढ झाल्या होत्या. खोट्या मस्टरची कहाणी आपल्याकडे नवी नाही. ती चारशे-पाचशे वर्षे जुनी आहे.

राजा हजारो मैल दूर होता. मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांमुळे तक्रार पाठवून तिचे उत्तर येण्यास दीड-दोन वर्षे लागत. तोवर तक्रार ज्याच्याविरुद्ध, तो आपली मुदत संपवून निघूनही गेलेला असे.

मोत्यांच्या किनाऱ्यावर

१५४२ च्या अखेरीस फ्रान्सिस तमिळ प्रदेशातील मोती काढणाऱ्या परवर समाजाकडे गेले. हा समाज काही वर्षांपूर्वीच ख्रिस्ती झाला होता. परंतु त्यांना धर्मशिक्षण देणारा कोणी नव्हता. फ्रान्सिस यांनी लोकांच्या मदतीने मुख्य प्रार्थना तमिळमध्ये बसविल्या, गावोगावी धर्मशिक्षक नेमले आणि त्यांच्या वेतनाची तजवीज केली. परवरांकडून दरवर्षी पोर्तुगालच्या राणीच्या पादत्राणांसाठी म्हणून एक रक्कम वसूल होत असे. ती या धर्मशिक्षकांसाठी वळविली जावी, अशी व्यवस्था त्यांनी करून घेतली. गरिबांकडून आलेला पैसा गरिबांच्या मुलांकडे परत गेला.

याच किनाऱ्यावर तूतुकुडी येथे कोस्मे द पायवा नावाचा पोर्तुगीज कप्तान होता. ज्या लोकांचे रक्षण करण्यासाठी तो नेमला होता, त्यांच्या हिताआड त्याचा लोभ येत होता. घोड्यांच्या व्यापारातील नफ्यावर त्याची नजर होती. फ्रान्सिस यांनी आपले सहकारी मान्सिल्हास यांना लिहिलेल्या पत्रांतून या माणसाविषयीचा त्यांचा संताप दिसून येतो.

सप्टेंबर १५४४ मध्ये हल्लेखोरांनी या कप्तानाचे घर व जहाज जाळले आणि तो जीव घेऊन बेटांकडे पळाला. बातमी कळताच फ्रान्सिस यांनी काय करावे? चांगली अद्दल घडली, असे म्हणून ते स्वस्थ बसू शकले असते. त्यांनी मान्सिल्हास यांना तातडीने निरोप धाडला की जमतील तितक्या होड्या घेऊन, अन्न आणि गोडे पाणी भरून, त्याच्या मदतीला जावे. काही आठवड्यांनी, संकट टळल्यावर, त्यांनी पुन्हा लिहिले. या वेळी विषय वेगळा होता. त्या कप्तानाने किनाऱ्यावर केलेल्या चोऱ्या व अन्याय यांचा भार आपल्या सदसद्विवेकावरून उतरवावा, यासाठी मान्सिल्हास यांनी त्याला मदत करावी, असे त्यांचे सांगणे होते.

मला झेवियर यांच्या चरित्रातील ही घटना फार मोलाची वाटते. चोराला वाचवायचे आणि चोरीला चोरीच म्हणायचे, ही दोन्ही कामे त्यांनी केली. आपण बहुधा त्यांपैकी एकच करतो. काहीजण भ्रष्ट माणसाचा द्वेष करतात, तर काहीजण संबंध बिघडू नयेत म्हणून त्याच्या भ्रष्टतेकडे काणाडोळा करतात. जक्कयच्या घरी जेवायला जाणाऱ्या प्रभूची वाट या दोहोंहून निराळी आहे.

राजाला स्पष्ट शब्दांत

जानेवारी १५४५ मध्ये कोचीनहून फ्रान्सिस यांनी थेट राजाला पत्र लिहिले. भारतातून येणाऱ्या संपत्तीचा हिशेब राजा काटेकोरपणे घेतो, परंतु येथील लोकांच्या आत्मिक कल्याणाचा हिशेब परमेश्वर राजाकडून घेईल, याची आठवण त्यांनी करून दिली. त्याच महिन्यात लिस्बनमधील आपले सहकारी सिमांव रॉड्रिग्ज यांना त्यांनी कळविले की आपल्या कोणत्याही मित्राला राजाच्या नोकरीवर भारतात येऊ देऊ नये. लुबाडणे या एका क्रियापदाची जेवढी रूपे येथे चालविली जातात, तेवढी व्याकरणातही नसतील, अशा आशयाची त्यांची कडवट टीका प्रसिद्ध आहे.

हे लिहिणे सोपे नव्हते. त्यांचा प्रवास, निवास, संरक्षण हे सारे त्याच अधिकाऱ्यांच्या हाती होते. ज्याच्या जहाजातून जायचे त्याच्याविरुद्ध लिहायचे, असा तो प्रकार होता.

चांगले अधिकारी नव्हतेच असे नाही. मार्च १५४८ मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यांना भेटण्यासाठी फ्रान्सिस आपल्या वसईस गेले होते. दीवच्या किल्ल्याच्या उभारणीसाठी पैसा हवा असताना कास्त्रो यांनी आपल्या दाढीचे केस तारण म्हणून गोव्याच्या नागरिकांकडे पाठवून कर्ज उभे केले, हे इतिहासात नमूद आहे. ६ जून १५४८ रोजी ते गोव्यात मरण पावले, तेव्हा फ्रान्सिस त्यांच्यापाशी होते. राजाच्या खजिन्यातील पैसा आपण स्वतःसाठी वापरला नाही, असे त्यांनी मृत्यूपूर्वी शपथपूर्वक सांगितले आणि त्यांच्या पेटीत खरोखरच किरकोळ नाणीच निघाली. त्याच व्यवस्थेत, त्याच पगारावर आणि त्याच मोहांमध्ये एक माणूस स्वच्छ राहू शकला. म्हणजे व्यवस्थाच तशी आहे, ही सबब तेव्हाही पुरी पडत नव्हती.

तरीही राजाची पत्रे येत राहिली आणि लूट चालूच राहिली. जानेवारी १५४९ मध्ये फ्रान्सिस यांनी राजाला कळविले की भारतात त्याच्या आज्ञा पाळल्या जातील अशी आशा आता आपल्याला उरलेली नाही. आपण जपानला निघालो आहोत आणि ते जवळपास पळून जाण्यासारखेच आहे. संतांनाही निराशा येते, हे यावरून कळते. ती त्यांनी लपविली नाही. फरक इतकाच की निराश झाल्यावर ते लुटारूंच्या पंगतीत जाऊन बसले नाहीत. देवाने दिलेले काम त्यांनी दुसऱ्या किनाऱ्यावर चालू ठेवले.

पापनिवेदनात विचारायचे प्रश्न

जपानला निघण्यापूर्वी त्यांनी होर्मुझ या श्रीमंत बंदरात जाणारे धर्मगुरू गास्पार बार्झे यांना लेखी सूचना दिल्या. आम्हा धर्मगुरूंना त्या आजही अंतर्मुख करतात. अधिकारी व व्यापारी पापनिवेदनाला आले की आपल्याकडे कोणाचे काही देणे नाही असे मोघमपणे सांगतात. त्यावर समाधान मानू नये. पैसा कसा मिळविला, कोणता व्यवहार केला, कोणाचा पगार अडविला, राजाचा पैसा स्वतःच्या धंद्यात घातला काय, हे एकेक करून विचारावे आणि लुबाडलेले परत करण्याची तयारी पाहिल्यावरच पापक्षमा द्यावी. ज्याला लुबाडले तो सापडत नसेल, तर ती रक्कम दीनदुबळ्यांच्या सेवेसाठी द्यावी.

येथे फ्रान्सिस यांचे एक पक्के मत दिसते. चोरीबद्दल नुसते वाईट वाटून घेणे म्हणजे पश्चात्ताप नव्हे. भरलेली तिजोरी तशीच ठेवून वेदीपुढे मेणबत्ती लावणाऱ्याला त्यांनी दिलासा दिला नाही.

स्वतःच्या घरातील केर

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखविणाऱ्याने आपल्या डोळ्यातील मुसळ पाहावे, हा प्रभूचा दंडक फ्रान्सिस यांनी पाळला. जपानहून फेब्रुवारी १५५२ मध्ये परतल्यावर त्यांना दिसले की आपल्याच येशूसंघातील आंतोनियो गोमेस यांनी गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजातून, जे स्थानिक मुलांसाठी होते, त्याच मुलांना दूर करून पोर्तुगीज उमेदवार भरले होते. कोचीनमध्ये एका धर्मबंधुसंघाचे चर्चही त्या बंधुसंघाच्या इच्छेविरुद्ध ताब्यात घेतले गेले होते. फ्रान्सिस यांनी कोचीनच्या लोकांपुढे गुडघे टेकून क्षमा मागितली आणि चर्चच्या किल्ल्या त्यांना परत केल्या. गोमेस यांना पदावरून दूर करून पुढे संघातूनही काढण्यात आले. संस्थेची अब्रू जाईल म्हणून त्यांनी प्रकरण दडपले नाही.

अर्थात त्यांचा प्रत्येक निर्णय निर्दोष होता असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १५४६ मध्ये त्यांनी राजाला लिहिलेल्या पत्रात भारतात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन करण्याची मागणी केली होती. ते गोव्यात १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, आले आणि त्याने अनेकांना भोगावयास लावलेल्या यातना गोमंतक विसरलेला नाही. सत्याच्या नावाखाली ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या बळजबरीबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी देवाची क्षमा मागितली. संतांचा आदर करताना त्यांच्या चुकाही पाहाव्या लागतात. संत म्हणजे न चुकणारा नव्हे, तर देवाला सोडून न जाणारा.

मलाक्काचे सुकाणू

आता त्यांच्या जीवनातील अखेरची आणि सर्वांत कठीण परीक्षा. जपानमध्ये त्यांच्या ध्यानी आले होते की तेथील लोक चीनच्या विद्वत्तेला फार मान देतात. चीनमध्ये परकीयांना प्रवेशबंदी होती. तेव्हा राजदूतासोबत जावे, असे ठरले. त्यांचे मित्र व्यापारी दिओगो परेरा यांनी या मोहिमेत आपली संपत्ती ओतली. गोव्याच्या व्हाइसरॉयने परेरांना राजदूत नेमले. एप्रिल १५५२ मध्ये फ्रान्सिस गोव्याहून निघाले आणि मलाक्का येथे पोहोचले.

मलाक्काचा सागरी अधिकार दोम आल्व्हारो द आताइद याच्या हाती होता. तो वास्को द गामाचा पुत्र. तीन वर्षांपूर्वी त्याच गामाचा दुसरा पुत्र पेद्रो द सिल्व्हा तेथे कप्तान होता आणि त्याने जपानच्या प्रवासासाठी फ्रान्सिस यांना तीस बहार उत्तम मिरी देऊन मोठे साहाय्य केले होते. एकाच बापाचे दोन मुलगे. एकाने वाट मोकळी केली आणि दुसऱ्याने ती अडविली. परेरांविषयीचा आकस आणि चीनच्या व्यापारातील नफा यांपोटी आताइदने व्हाइसरॉयचे हुकूम धुडकावले. सांता क्रूझ या जहाजाचे सुकाणू त्याने काढून नेले आणि आपल्या दारासमोर टांगून ठेवले. अडवून ठेवलेल्या फाइलीचे याहून बोलके चित्र कोणते असेल?

आठवडे गेले. विनवण्या झाल्या, मध्यस्थ झाले, राजाज्ञा वाचून दाखविली गेली. दहा वर्षे पेटीत ठेवलेली पोपमहोदयांची अधिकारपत्रे फ्रान्सिस यांनी अखेर तेव्हा बाहेर काढली. त्यांनी ती स्वतःच्या सोयीसाठी कधी वापरली नव्हती. पोपमहोदयांच्या प्रतिनिधीला अडविणारा ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होतो, हे जाहीर करण्यात आले. आताइद बधला नाही. शेवटी त्याने जहाज सोडले ते आपली माणसे भरून. फ्रान्सिस एक साधे प्रवासी म्हणून गेले आणि परेरा मलाक्कातच राहिले.

परेरांचे झालेले नुकसान फ्रान्सिस यांच्या जिव्हारी लागले. आपल्यामुळे मित्र धुळीस मिळाला, ही बोच त्यांनी त्यांना लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली आणि त्यांना भरपाई मिळावी म्हणून राजालाही लिहिले. प्रामाणिकपणाची किंमत बहुधा एकट्याला मोजावी लागत नाही. ती घरच्यांना आणि जिवलगांनाही मोजावी लागते. फ्रान्सिस यांना याची पूर्ण जाणीव होती.

सान्शियनचे बेट

ऑगस्ट १५५२ च्या अखेरीस ते चीनच्या किनाऱ्याजवळील सान्शियन बेटावर पोहोचले. आता राजदूत नव्हता, नजराणे नव्हते. वीस पिकुल मिरीच्या मोबदल्यात आपल्याला गुपचूप कँटनला पोहोचविण्यास एक चिनी व्यापारी तयार झाला. वाचक विचारील की ही लाच नव्हे काय? ते जोखमीच्या प्रवासाचे भाडे होते. कोणाचा हक्क हिरावण्यासाठी दिलेला पैसा नव्हता. मात्र त्यात तेथील राजाचा मनाई हुकूम मोडला जाणार होता, हे खरे. फ्रान्सिस यांना ते ठाऊक होते आणि त्यासाठी तुरुंग वा मृत्यू स्वतःच्या अंगावर घेण्याची त्यांची तयारी होती.

तो व्यापारी आलाच नाही. पोर्तुगीज व्यापाऱ्यांची जहाजे एकेक करून निघून गेली. थंडी आणि भूक वाढली. २१ नोव्हेंबरच्या सुमारास फ्रान्सिस तापाने आजारी पडले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी पहाटेपूर्वी, एका झोपडीत, येशूचे नाव घेत त्यांनी प्राण सोडला. आंतोनियो नावाचा चिनी तरुण त्यांच्या उशाशी होता. त्यांचे वय होते ४६ वर्षे.

जून १५५३ मध्ये इग्नेशियस यांनी रोमहून त्यांना युरोपात परत बोलावणारे पत्र लिहिले. आज्ञा मिळताच निघणारा हा शिष्य तोवर देवाच्या आज्ञेवरून निघून गेला होता.

त्यांचा देह मार्च १५५३ मध्ये मलाक्कास आणला गेला. सुकाणू टांगणारा आताइद अजून तेथेच होता. देहाच्या स्वागतासाठी पुढे आले ते दिओगो परेरा, ज्यांचे सर्वस्व या मोहिमेत गेले होते. पुढे आताइद पदच्युत होऊन कैदेत पडला. १६ मार्च १५५४ रोजी तो देह गोव्यास पोहोचला. १२ मार्च १६२२ रोजी फ्रान्सिस यांना संतपद बहाल करण्यात आले. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत असलेल्या त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात लाखो भाविकांनी घेतले. त्यात वऱ्हाडातील काही कुटुंबेही होती.

चांदूर बाजारच्या प्रश्नाकडे

आता त्या संत्रा बागाईतदाराच्या प्रश्नाकडे वळतो. फ्रान्सिस यांच्या जीवनात त्याचे सोपे उत्तर नाही. चीनचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. देवाशी एकनिष्ठ राहिले की काम हमखास होते, असे मी त्याला सांगितले तर ते खोटे ठरेल.

परंतु त्याचा पहिला प्रश्न, एकट्याने न देऊन काय साधते, याला या जीवनात उत्तर आहे. व्यवस्था बदलेल की नाही हे आपल्या हाती नसते. आपण तिचा भाग व्हायचे की नाही, हे मात्र असते. शिवाय फ्रान्सिस एकटे गप्प बसून सहन करीत राहिले नाहीत. त्यांनी लिहिले, वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागितली आणि ज्याचे नुकसान झाले त्याची बाजू मांडली. त्यांच्या पत्राला उत्तर येण्यास दोन वर्षे लागत. आपल्याकडे २००५ पासून माहितीचा अधिकार आहे, २०१५ पासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा आहे आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा ठरतो. मात्र ज्याला ती देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास कायदा त्याला संरक्षण देतो. आपल्या धर्मग्रामातील चार सुशिक्षित तरुणांनी अशा शेतकऱ्यासोबत जाऊन अर्ज लिहून दिला, पावती घेतली, पाठपुरावा केला, तर तो एकटा उरणार नाही. दिओगो परेरा होणे हीदेखील भक्तीच आहे.

आणि ज्याच्या हाती दुसऱ्याचा कागद आहे, असा कोणी ख्रिस्ती बंधू वा भगिनी हा लेख वाचत असेल, तर त्यांनी गास्पार बार्झे यांना दिलेले प्रश्न एकदा स्वतःला विचारावेत. आपल्या दारासमोर कोणाचे सुकाणू टांगलेले आहे काय?

त्याचा दुसरा प्रश्न होता, देवाला हे दिसते का. सान्शियनच्या झोपडीत कोणीही पाहत नव्हते. एका तरुणाखेरीज साक्षीदार नव्हता आणि हाती घेतलेले काम अपुरे होते. तरी तेथे जे घडले ते देवाने वाया जाऊ दिले नाही. हे मी त्या बांधवाला पुढच्या भेटीत सांगणार आहे आणि त्याचा अर्ज लिहायलाही सोबत बसणार आहे.

येत्या ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणानिमित्त पवित्र मिस्सामध्ये आपण सर्वांनी मिळून प्रार्थना करू या. लुबाडले गेलेल्यांना धीर, लुबाडणाऱ्यांना पश्चात्ताप आणि आपल्या सर्वांना न विकले जाणारे अंतःकरण परमेश्वर देवो. आमेन.